प्लास्टरचा पलंग

संमतीचा कागद सकाळपासून तिसऱ्यांदा प्लास्टरकाकांसमोर आला आणि तिसऱ्यांदा त्यांनी तो पालथा घालून ठेवला.

"कापाकापी नको. मला प्लास्टरच्या पलंगात घाला, वर्षभर पडून राहतो," ते म्हणाले.

डॉक्टर मुलगी त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाची. प्लास्टरचा पलंग तिने कधी पाहिलेलाच नव्हता. तिने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. कमरेच्या वरच्या दोन मणक्यांत जंतू शिरलेत, हाड पोखरलंय आणि तिथे साठलेला पू मज्जारज्जू दाबतोय. दोन आठवडे सलाइनमधून औषधं दिली, ताप उतरला, पण पू काही हटला नाही. कालपर्यंत डावं पाऊल उचलता येत होतं, आज येत नाही. आता पू आणि कुजलेलं हाड काढायचं, स्क्रू आणि सळ्यांनी पाठीला आधार द्यायचा, औषधं पुढे चालूच ठेवायची. जोखीम होती, तीही तिने लपवली नाही. आज दुपारी केलं तर पाय परत येण्याची चांगली आशा होती. उद्या-परवावर टाकलं तर तिला कसलीच खात्री देता येत नव्हती.

काकांना हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. चाळीस वर्षं हाडांच्या इस्पितळात प्लास्टर घालण्यात गेली होती त्यांची. पण त्या काळी पाठीच्या ऑपरेशनला गेलेले दोन पेशंट पायांतली ताकद गमावून परत आले, ते त्यांच्या मनात घर करून बसले होते. शिवाय आपल्या हातच्या कामाचा अभिमान होता, तो वेगळाच.

मग काका सुरू झाले. पाठीच्या क्षयाच्या माणसाला पालथं झोपवायचं, कोमट पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचे थर मानेपासून गुडघ्यांपर्यंत चढवायचे. साचा वाळला की कडा घासून, आत कापूस घालून माणसाला त्यात उताणं ठेवायचं ते महिनोन्‌महिने. सकाळी सगळे पलंग व्हरांड्यात उन्हाला ओढायचे. कोणी गायचं, कोणी पत्ते डोळ्यांसमोर धरून पडल्या-पडल्या खेळायचं. त्याच वॉर्डात एकोणीस वर्षांची एक मुलगी नऊ महिने होती. बिचारीला छताशिवाय काही दिसेना, म्हणून काकांनी स्वतःचा दाढीचा आरसा तारेने तिच्या डोक्यावर बांधला. आरशात अख्खी बाग.

"तसे दिवस पुन्हा आले नाहीत," काका म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. डॉक्टर मुलगीही घटकाभर कागद विसरली.

आरशातली ती मुलगी, म्हणजे आताची काकू, खिडकीपाशी टॉवेलच्या घड्या घालत होती. हा किस्सा तिने दोन्ही जावयांसमोर आणि असंख्य पाहुण्यांसमोर ऐकला होता आणि दर वेळी योग्य जागी हसली होती. आज हसली नाही.

"त्या आरशात बाग दिसत नव्हती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही तो वाकडा बांधला होतात. त्यात दार दिसायचं. काम आटोपून तुम्ही चालत बाहेर जायचात, रोज. इतका राग यायचा मला तुमच्या पायांचा. आज कापतो, परवा उभी करतो, असं मला कोणी म्हटलं असतं ना, तर कागद वाचायलासुद्धा थांबले नसते मी."

"सरळ करा म्हणायचं होतंस."

"इतक्या हौसेने बांधलेला तुम्ही. जिवावर आलं."

पांघरुणाखाली काकांनी डावं पाऊल हलवून पाहिलं. पांघरूण हललं नाही. मग त्यांनी कागद सुलटा केला, पेन मागितलं आणि सही केली. डॉक्टर मुलगी तो घेऊन जवळजवळ पळतच गेली.

दोघंच उरल्यावर काका हळू आवाजात बोलले. साच्याचं माप घेताना डोक्यापासून टाचेपर्यंत तिची उंचीही त्यांनीच मोजली होती. ती त्यांच्यापेक्षा दोन बोटं उंच भरली होती.

"उठून उभी राहिलीस की मला बघून निघून जाशील, अशी धास्ती होती. म्हणून ते नऊ महिने बरे वाटायचे मला."

काकूने हातातला टॉवेल बाजूला ठेवला.

"उभी राहिले त्याच दिवशी कळलं मला ते. तेव्हापासून सपाट चपला घालतेय. तुमच्या शेजारी उभं राहायचं म्हणून," ती म्हणाली. "आता तुम्हीच उठला नाहीत, तर मी कोणाशेजारी उभी राहू?"