गडग्याचे दोन चिरे

"तोंड उघडा, दत्ताकाका."

दत्तारामने भिंतीकडे तोंड फिरवलं. "नको म्हटलं ना, बाय. मला काय जगायचं नाय आता."

आतडं फुटलं म्हणून त्याला गावातून रत्नागिरीच्या इस्पितळात आणलं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण माणसाने हाय खाल्ली. बायको, गोदा, शिमग्याआधीच गेलेली. मुलगा राकेश रजा संपली म्हणून मुंबईला परतलेला. वॉर्डच्या करुणा सिस्टरला डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "पोटात काही गेलं नाही तर आठवडा काढणार नाहीत. मुलाला कळवा, घरी न्या म्हणावं."

"माझ्या वॉर्डातून असं कोणी घरी जात नाही," करुणा म्हणाली. डॉक्टर असतील मोठे, वॉर्ड तिचा होता.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ती फडक्यात बांधलेला कडीचा डबा घेऊन आली. "माझ्या घरची पेज आहे. घर काय, इथेच मागच्या गल्लीत." वाडग्यात पेज ओतता ओतता ती सहज म्हणाली, "काका, तुमच्या शेजारच्या वाडीत माझी मावशी असते. काल फोनवर सांगत होती, बाबूने म्हणे गडग्याचे दोन चिरे काढले."

दत्तारामची मान झटक्यात वळली.

बाबू त्याचा चुलतभाऊ. दोघांच्या घरांमध्ये हद्दीचा, चिरे रचून घातलेला कमरेएवढा गडगा, गडग्याला लागून आजोबांनी लावलेला फणस. त्या एका फणसापायी चौदा वर्षं कोर्ट चाललं होतं आणि तेवढीच वर्षं बोलणं बंद होतं.

"कुठले चिरे?"

"फणसाकडचे. म्हणतो, दत्ता काय आता परत येत नाय, फणस माझाच."

"त्याच्या एकट्याच्या आजोबांनी लावला काय?"

"कोणी का लावेना, खाणार तोच. तुम्हाला तर पेजही जात नाही."

दत्तारामने तिच्या हातातून वाडगा ओढून घेतला. लाल तांदळाची पेज, मीठ बेताचं, वर मेतकूट. अगदी त्याला लागतं तसं. रागारागात अर्धा वाडगा संपला तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण जेवलो.

मग रोजचंच झालं. पेज यायची, तिच्याबरोबर बाबूची बातमी यायची. आज आणखी चार चिरे काढले. आज दोरी लावून दत्तारामच्या पायरीपर्यंत मापं घेतली. एकदा पेज यायला दुपार झाली. "गाडी चुकली," करुणा म्हणाली आणि लगबगीने पलीकडच्या खाटेचं सलाईन बघायला गेली. दत्तारामचं लक्ष डब्याकडे नव्हतंच.

"आज काय केलंन त्याने?"

करुणा त्याच्या जखमेची पट्टी ओली करून हळूहळू सोडवत होती. कितीही घाई असली तरी ती पट्टी कधी ओढायची नाही. "पारावर बसून सांगत होता म्हणे, दत्ता लहानपणापासूनच असा. विटीदांडूत राज्य आलं की डाव सोडून पळायचा."

हे मात्र त्याला फार लागलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "मी पळायचो? दाखवतो त्याला कोण पळतो ते."

"आधी दारापर्यंत चालून दाखवा."

तो उठला. पाय लटपटले तशी करुणाने काखेत हात घातला. त्याने तो झिडकारला आणि भिंत धरून एकटाच दारापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत. डॉक्टरांनी कपाळावर आठ्या घालून केसपेपर दोनदा वाचला.

तीन आठवड्यांनी राकेश गाडी घेऊन न्यायला आला. दत्ताराम खाटेवर चपला घालून तयारच होता. "आधी गडग्यावर ने मला. घरी मागून जाऊ."

करुणाने त्याच्या मांडीवर रिकामा डबा ठेवला. "काका, एवढा पोचता करा."

"तुझ्या मावशीकडे ना?"

"मला मावशी नाही, काका. हा तुमच्याच वाडीतून रोज पहिल्या एसटीने यायचा. पेजही आणि बातमीही. ज्याचा आहे त्याला द्या. बुडाला नाव आहे."

दत्तारामने चष्मा लावला आणि डबा उलटा केला. अक्षरं झिजली होती, पण वाचता येत होती.

'चि. बाबूला लग्नात सप्रेम भेट. दत्तादादा.'