पाकटाची शेपटी

“कुनाचा इस्वास बसायचा न्हाय,” काळूराम म्हणाला, “पन ही पाकटाची शेपटी हाय.”

गॅरेजातले सगळे त्या वस्तूकडे बघू लागले. भावेश मेस्त्रीनं गाडीच्या रेडिएटरचा पंखा खोलून बाकड्यावर ठेवला होता आणि त्याच्या दांड्याला गुंडाळलेलं काहीतरी काळं, चिवट, अर्धवट वितळलेलं तो पक्कडीनं ओढत होता. हातभर बाहेर आलं होतं, अजून येतच होतं.

घटकाभरापूर्वी सगळं ठीक चाललं होतं, निदान काळूरामपुरतं तरी. ह्या मोठ्या गाड्यांचे पंखे हल्ली लवकरच जातात, असं भावेश म्हणाला होता. त्यात आपली खारी हवा. नुसती मोटर मिळत नाही, अख्खा संच बदलायचा. किंमत ऐकून काळूरामच्या लेकानं, कमलेशनं, कपाळावर हात मारला होता, तेवढ्यात होडीला नवं जाळं आलं असतं. “हवाच खारी, त्याला कोन काय करनार!” असं म्हणत काळूरामनं निवांतपणे तंबाखू मळायला घेतली होती. आणि मग ही शेपटी निघाली.

“बाबा, पालीच्या रस्त्यावर पाकट मासा?” कमलेश म्हणाला.

“पालीच्या न्हाय रं. आपल्या अंगनात. अवसेचं उधान, पानी कुंपनाला लागलेलं. मी पडवीत बसलेलो. पाकट आला, ह्या बॉनेटयेवढा. गाडी नवी, चकचकीत. त्यात त्याला आपलंच थोबाड दिसलं. त्याला वाटलं, दुसरा पाकट आला माज्या हद्दीत. मारली की शेपटी जाळीतून आत! तुटली, पन सोडली न्हाय.”

“तात्या, हिला गाठ हाय.” भावेशनं पक्कड वर धरली. “चांगली निरगाठ.”

“म्हातारा पाकट व्हता. काय इसरू नये म्हनून मारली आसंल.”

भावेश खो खो हसला. कमलेश हसला नाही. गाडीची चावी त्यानं शर्टाच्या खिशात टाकली होती आणि वरून बटण लावलं होतं.

“पाकट न्हाय नि बिकट न्हाय,” तो म्हणाला. “ही एसी लावून गाडी पळवते. समोरच्या काट्याकडं बघायचं न्हाय. वाफ निघाली तवा हिला कळलं, गाडी तापली. आजपासून बंद. पालीला जायला एसटी हाय.”

‘ही’ म्हणजे त्याची बायको रचना. जुन्या टायरांच्या ढिगापाशी ती उभी होती. कोळीवाड्यात गाडी चालवणारी ती पहिली सून. चतुर्थीला आळीतल्या सहा जणींना घेऊन पालीच्या बल्लाळेश्वराला निघाली होती. अर्ध्या वाटेत गाडीनं मान टाकली, आणि नवी लुगडी नेसलेल्या त्या सहा जणी वाळूच्या टेम्पोत उभ्या राहून घरी आल्या. तेव्हापासून नळावर तिला कोणी नावानं हाक मारत नव्हतं, ‘डायवर’ म्हणत होतं.

रचनानं मान वर केली. एकदाच सासऱ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, कसलीशी वाट पाहिल्यासारखं. मग पुन्हा खाली बघू लागली.

काळूरामच्या तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. त्यानं ती तोंडात टाकली नाही, हळूच झाडून टाकली.

“तिचा काय गुना न्हाय,” तो म्हणाला. आवाज निम्मा झाला होता. “मी सांगतो ना. पाकटच व्हता. देवाशप्पत...” गळ्याकडे गेलेला हात त्यानं मध्येच खाली घेतला. “म्हंजे, देवाला मधी कशाला आना. पन पाकट व्हता.”

भावेशसुद्धा आता हसत नव्हता.

दाराशी स्टुलावर चंद्राबाई बसली होती, काळूरामची बायको. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुक्या बोंबलांची जुडी. भावेशनं बिल जरा सांभाळून लावावं म्हणून काळूरामनंच ती सकाळी बांधून आणली होती. मागच्या आठवड्यात आभाळ धरलं, ऊन म्हणून पडलं नाही. वलांडीच्या दोऱ्यांवर वाळत टांगलेले आख्ख्या कोळीवाड्याचे बोंबील सडले. काळूरामचे तेवढे कडक वाळले. ‘हाताला येश लागतं’ असं तो आळीभर सांगत फिरला होता, आणि घरोघरी दोन-दोन वाटूनही आला होता.

चंद्राबाई उठली. भावेशच्या पक्कडीतली ती शेपटी तिनं हातात घेतली. चिमटीत चुरडली, नाकाशी नेली. जन्मभर मासळीबाजारात बसलेली बाई ती. दुसऱ्यांदा हुंगायची तिला गरज पडली नाही.

काळूराम गाडीच्या चाकाकडे बघत राहिला. त्या चाकात बघण्यासारखं काही नव्हतं.

चंद्राबाईनं एक हात लेकाच्या बटण लावलेल्या खिशापुढे पसरला. दुसऱ्या हातातली दोरी नवऱ्याच्या नाकापुढे धरली.

“मागल्या आठवड्यात मी बाजारातून येयाची, तवा गाडी अंगनात बॉनेट वासून घुरघुरत आसायची. मी म्हनायची, म्हातारा गानी ऐकतो.” तिनं दोरी आणखी पुढं केली. “काय ओ, पाकटाच्या शेपटीला बोंबलाचा वास कसा?”