पाणी वर चढतं

“अरे बघा, बघा! टोंगांच्या गावात पाणी खालून वर चढतं!”

मुबिता असा ओरडला, की आंब्याखाली बसलेलं अख्खं गायनमंडळ वळून बघायला लागलं. लुयांडोच्या आईच्या हातात मोसी-ओआ-तुन्या धबधब्याचं चित्र होतं. कॅलेंडरचं फाडलेलं पान, हातोहात फिरत तिच्यापाशी आलेलं. तिनं ते उलटं धरलं होतं आणि “काय ती फेसाळ धार, बाई बाई!” म्हणत कौतुकानं मान डोलवत होती.

हशा उसळला. झांबियातल्या चोमा गावच्या त्या चर्चच्या अंगणात दर रविवारी हेच चालायचं. मुबिता लोझी, नदीकाठच्या मासेमारांतला; ती टोंगा, गाईगुरं राखणाऱ्यांतली. म्हणजे दोन्ही जमाती एकमेकींना आतेमामे भावंडांसारख्या. मयताच्या घरीसुद्धा एकानं दुसऱ्याला चिडवायचं, आणि ज्याला चिडवलं त्यानं रागवायचं नाही, असा वाडवडिलांचा नेम.

“मासेखाऊ मेल्या,” लुयांडोची आई म्हणाली, “तुमचे मासे उलट्या धारेनं वर चढतात तेव्हा आ वासून बघत बसतोस. आमचं पाणी चढलं की लगेच पोटात दुखतं होय?”

आणि तिनं ते पान फिरवलं. अर्धंच. आता धबधबा आडवा वाहत होता.

“हं. आता बरं?” तिनं विचारलं.

लोक पोट धरधरून हसले. म्हातारी सोंग करतेय, असंच सगळ्यांना वाटलं. मुबिता मात्र तिच्या अगदी शेजारी होता. तिची नजर पानावर नव्हती. पानाच्या पलीकडं, कुठंच नव्हती. त्याचं हसू तोंडातच राहिलं.

मग एकेक आठवायला लागलं. पावसाळ्यापासून तिनं गीतांचं पुस्तक उघडलं नव्हतं. “मला सगळं पाठ आहे,” म्हणायची. तेव्हा तो म्हणाला होता, टोंगांना अक्षरं कशाला, गायीच्या अंगावरचे ठिपके वाचता आले की झालं. पायऱ्या उतरताना ती पुढच्या बाईच्या लुगड्याचं टोक धरायची. तेव्हा तो म्हणाला होता, बघा, हिला वाटतं गाईची शेपूटच धरलीय. प्रत्येक वेळी लोक हसले होते. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली होती. आणि आज सकाळीच पाळकांनी जिभेवर आख्यान लावलं होतं, गात गात. ठिणगीएवढी जीभ रानंच्या रानं कशी जाळते ते. धृपद मुबितानंच धरलं होतं. खड्या आवाजात.

मंडळाची चिटणीस मैंझा हिनं स्टुलावर हात आपटला. “पुरे आता. ऐका. धबधब्याला जायची बस भल्या पहाटे निघेल. ओळखपत्र ज्याचं त्यानं घ्यायचं, नाहीतर तिथल्या पुलावर सोडत नाहीत. पुलाच्या मधोमध सीमेची रेघ आहे. बायका रेघेच्या पलीकडं, झिंबाब्वेत उभ्या राहतील. पुरुष अलीकडं, आपल्या झांबियात. आणि मग गायचं.”

“म्हणजे आमच्या बायका तेवढ्या परदेशी!” कुणीतरी म्हणालं.

“बायका परदेशी आणि तुमचा सूर बेपत्ता,” मैंझा म्हणाली. “आणखी एक. धबधब्याजवळची वाट तुषारांनी निसरडी झालेली असते. पायांचं, डोळ्यांचं, ज्याचं काही अडत असेल त्यानं आत्ताच सांगा. त्याला घरी ठेवू. मला तिथून कुणाला उचलून आणायचं नाहीये.”

लुयांडोच्या आईचा हात लुगड्याच्या गाठीवर आवळला. चाळीस वर्षं ती ह्या मंडळात खालचा सूर सांभाळत होती. एवढ्या वर्षांत धबधबा एकदाही बघितला नव्हता. आता तो बघायचा राहूनच गेला होता.

पान तिनं दुमडलं आणि कमरेला खोचलं. मुबितानं ते बघितलं.

बैठक उठली. मक्याचं चिब्वांतू पेल्यांतून फिरायला लागलं, तसा मुबिता तिच्यापाशी सरकला.

“लुयांडोची आई, माफ करा मला. माझ्या ध्यानात…”

“आजवर कधी मला अहो-जाहो केलंस?” ती दबक्या आवाजात म्हणाली.

“मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ.”

“कुणालाच नाही. लेकीलाही नाही. उजेड तेवढा कळतो अजून. माफी मागू नकोस, लोझ्या. उद्या ह्यांना कळलं की सगळे मला जपतील, हाताला धरून बसवतील, गोड गोड बोलतील. तूही तेच करणार का? तू माफी मागितलीस, की मी तुझी टोंगीण राहत नाही. नुसती आंधळी होते.”

“काय कुजबुज चाललीय भावंडांची?” मैंझा लांबून ओरडली. सगळी तोंडं इकडं वळली.

“चिडव,” ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. “चटकन!”

मुबितानं तोंड उघडलं. ह्या माणसाला थट्टा कधी शोधावी लागली नव्हती. आज शोधावी लागली. एकदाचा तो मोठ्यानं म्हणाला, “ही टोंगीण विचारतेय, बसमध्ये तिची गाय कुठं बांधायची! म्हटलं, माझ्याच शेजारी बांध. दोघींवर लक्ष ठेवीन.”

“माझी तयारी आहे रे,” ती ताडकन म्हणाली, “पण गाईला तुझ्या अंगाचा मासळीचा वास सोसायला हवा ना!”

अंगण पुन्हा हसलं. लुयांडोच्या आईनं “दे टाळी!” म्हणत हात पुढं केला.

हात मुबिता होता तिथून हातभर डावीकडं गेला होता. तो मान खाली घालून गुपचूप तेवढा सरकला, आणि त्यानं टाळी दिली.