उरलंसुरलं

लग्न होऊन इंदिरानगरच्या या घरात आल्यापासून उज्वला सगळ्यांच्या शेवटी जेवायची. सासूबाई रोज पातेलं तिच्यापुढे सरकवायच्या, "एवढुश्या भातासाठी फ्रीज कशाला अडवायचा? संपवून टाक गं." ती सव्वाशे किलोची झाली, तेव्हा वर तोंड करून याच सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "खाण्यावर ताबाच नाही हो हिचा!"

शेवटी मुंबईला जाऊन वजन उतरवायचं ऑपरेशन केलं. पोटाची पिशवी मुठीएवढी उरली. आता चार घासांत पोट भरायचं, पाचवा घेतला की उलटी.

"मग हे रोजचं उरलेलं काय टाकून द्यायचं?" सासूबाई धुसफुसल्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष नुकत्याच लग्न होऊन आलेल्या धाकट्या सुनेकडे गेलं आणि आवाजात एकदम मध आला. "रेवती, ये गं बाळा. किती काडी आहेस! हे एवढं संपवून टाक."

रेवतीने मुकाट्याने पातेलं ओढून घेतलं.



उज्वलाने ते तिच्या हातातून हिसकावलं आणि हात वाळवत बसलेल्या सासूबाईंच्या ताटात उपडं केलं. "तुम्हीच संपवा. एवढुश्या भातासाठी फ्रीज कशाला अडवायचा?"