दोनशे सतरावं पान

कुझुमीसरांचं निवृत्तीआधीचं शेवटचं व्याख्यान संपलं आणि जपानमधल्या सेन्दाई शहरातलं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. गणिती भौतिकीतल्या त्यांच्या निबंधाचा हवाला आजवर चौदाशे संशोधकांनी दिला होता. नव्या हवाल्यागणिक सरांना मात्र धडकी भरे. सिद्धतेची चौथी पायरी पोकळ आहे, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. दिलासा एकच: त्यांनीच पुढे एका लेखात निबंधाचा पानक्रमांक चुकून दोनशे एकाहत्तर छापला, आणि सगळ्यांनी तोच उतरवला. म्हणजे मूळ निबंध कुणी उघडलाच नव्हता! एवढ्यात एक विद्यार्थिनी ग्रंथालयातला धुळकट खंड घेऊन पुढे आली. “सेन्सेई, निबंध तर दोनशे सतराव्या पानावर सापडला,” ती हळूच म्हणाली. “चौथी पायरी काही केल्या सुटेना. माझंच चुकतंय ना?” “तुझंच,” सर कसेबसे म्हणाले. त्यांच्या पहिल्यावहिल्या वाचकाने वाकून माफी मागितली, पण पुस्तक मिटताना पानात खूण ठेवली.