वगळलेल्या ओळी

सर्वेक्षणात "घरात मारहाण होते का?" या प्रश्नावर एक्केचाळीस बायका गप्प राहिल्या होत्या. सॉफ्टवेअरने त्यांच्या ओळी आपोआप वगळल्या आणि सर खूश झाले.

"बघ, मारहाण फक्त तीन टक्के!"

"आणि त्या गप्प राहिलेल्या, सर?"

"उत्तर नाही म्हणजे माहिती नाही. तू फॉर्म भरून आणायचे, अक्कल पाजळायची नाही."

घरोघरी चपला मी झिजवल्या होत्या. सरांच्या देखत कीबोर्ड पुढ्यात ओढला, एक नवा रकाना घातला आणि माझ्या वहीत बघून भरत गेले: 'प्रश्न विचारताना बाईच्या शेजारी कोण बसलं होतं?'

 

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ओळींत एकच शब्द आला. नवरा.