चौदा पायऱ्या

आखातातल्या मनामा शहरातल्या एका जुन्या ब्रिटिश हॉस्पिटलचं आता हॉटेल झालं आहे. उद्घाटनाला मला बोलावलं, कारण तिथे काम केलेल्या नर्सपैकी आता मीच उरले आहे. गाडीतून उतरते तोच मॅनेजर वकार व्हीलचेअर घेऊन हजर.

"आँटी, मागच्या बाजूला रॅम्प आहे. यल्ला, चला, बसा."

"मी पायऱ्या चढणार."

"मम्मी, चौदा आहेत! गुडघे बघ तुझे," माझी मुलगी टिना कुजबुजली.

"माझेच आहेत ना? मग मी बघते."

कठडा धरून चढू लागले. सातव्या पायरीवर दम लागला, तशी तिथेच बसले. मागे सूटबूटवाले पाहुणे खोळंबले. वकार हात द्यायला आला, त्याला मी नको म्हटलं. उठले आणि एकेक करत वर पोचले. समोर उंच कमानी, काळ्यापांढऱ्या फरशा.

"बघा आँटी, होतं तसंच ठेवलंय सगळं," वकार कौतुकाने म्हणाला. "ओळखलंत ना?"

"नाही रे बाबा. सहा वर्षं नोकरी केली इथे, पण आम्हा इंडियन नर्सना मागच्याच दाराने यावं लागायचं. या दाराने आज पहिल्यांदा आले."